थर, चिअरलीडिंग आणि तोल : वरच्या मुलीने नेमकं करायचं काय?

मागच्या महिन्यात खारबावला घरी गेले होते. भावाची मुलगी, वय वर्षं बारा, मोबाइलवर एक जपानी मालिका बघत बसली होती. मी 'कार्टून' म्हटलं तर चिडली. 'अ‍ॅनिमे' म्हणायचं म्हणे. मालिकेचं नाव 'अ‍ॅनिमा येल!'. २०१८ साली डोगा कोबो या स्टुडिओने काढलेली, बारा भागांची. हायस्कूलात नुकतीच आलेली कोहाने नावाची मुलगी चिअरलीडिंग बघते, तिला ते भयंकर आवडतं, आणि ती मैत्रिणींना गोळा करून शाळेत क्लब काढायच्या मागे लागते. अडचण एकच : तिला उंचीची भीती वाटते. आणि चिअरलीडिंगमध्ये तर कुणाच्या तरी हातांवर, खांद्यांवर उभं राहायचं असतं.

दोन भाग मीही बघितले. मग भाचीने मुद्द्याला हात घातला. "आत्या, गावात मुलींचं गोविंदा पथक करतायत. पाच थर. मी हलकी आहे म्हणून मला सगळ्यात वर घेणारेत. तू तोलाचाच अभ्यास करतेस ना? मग सांग, वर गेल्यावर भीती वाटली तर काय करायचं?"

माझी आई आत तांदूळ निवडत होती. तिने तिथूनच विचारलं, "पोर वर चरंल, पन परली त झेलाला कोन?" (आमच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. चढेल, पडली.)

माझं पीएचडीचं काम उभ्या माणसाच्या तोलावर आहे. प्रयोगशाळेत माणसं एका संवेदनशील पाटीवर उभी राहतात आणि आम्ही त्यांच्या पायाखालचा दाब कसा सरकतो ते मोजतो. चार वर्षांत मला घरच्यांनी विचारलेले हे पहिले दोन उपयोगी प्रश्न. एरवी "संपणार कधी?" एवढंच विचारतात. तर आजची पोस्ट या दोन प्रश्नांवर.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चिअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे २००८ सालच्या आयपीएलपासून सीमारेषेवर नाचणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. तो नाच आहे. मालिकेतल्या मुली करतात तो स्पर्धेचा खेळ आहे : उचलणं, फेकणं, झेलणं, मनोरे. सुरुवात अमेरिकेत, १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात, आणि गंमत म्हणजे ती एका मुलाने केली. कितीतरी वर्षं हा पुरुषांचाच प्रकार होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे मुळात बघायला गेलं तर या खेळाचं आपल्याकडचं जवळचं नातं आयपीएलशी नाही, गोविंदा पथकाशी आहे. एक माणूस दुसऱ्यावर उभा, दुसरा तिसऱ्यावर.

आधी तुम्ही उभे राहा

वाचता वाचता उठा. एका पायावर उभे राहा, समोर भिंतीकडे बघा. घोटा सतत बारीक बारीक हलतोय ना? आता डोळे मिटा. बहुतेकांना दहा-पंधरा सेकंदांत दुसरा पाय टेकावा लागतो. (टेबलाजवळ उभे राहून करा. मला शिव्या नकोत.)

सरळ उभा असलेला माणूस स्थिर नसतो. तो सतत पडत असतो आणि सतत स्वतःला सावरत असतो. सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते : कानाच्या आतली तोलाची यंत्रणा, पाय-सांधे-स्नायू, आणि डोळे. डोळ्यांचं काम असं की आपण थोडं डुललो की समोरचं दृश्य उलट्या बाजूला सरकतं, आणि मेंदू त्यावरून 'आपण डुललो' असं ओळखतो.

आता उंचीची गंमत इथे आहे. समजा तुमचं डोकं २ सेंटिमीटर डुललं. समोरची भिंत १ मीटरवर असेल तर दृश्य जवळजवळ सव्वा अंशाने सरकतं. पण समोरची वस्तू १० मीटरवर असेल तर तेच सरकणं त्याच्या दहाव्या भागाएवढं होतं, आणि डोळ्यांना ते कळेनासं होतं. उंचावर गेलं की जवळ काहीच नसतं. भिंत नाही, माणसं नाहीत, जमीन खाली लांब. मग डोळ्यांकडून खबर येईनाशी होते, माणूस आधीपेक्षा जास्त डुलायला लागतो, आणि ते डुलणं पायांना जाणवलं की पोटात गोळा येतो. १९८० च्या सुमाराला युरोपातल्या काही संशोधकांनी हे नीट मांडलं. जवळची स्थिर वस्तू साधारण तीन मीटरपेक्षा लांब गेली की हा परिणाम दिसू लागतो.

म्हणजे भाचीला वर गेल्यावर जी भीती वाटेल ती सगळी 'मनाची' नसेल. शरीराला खरोखरच कमी माहिती मिळत असेल, आणि ते खरोखरच जास्त डुलत असेल. भीती ही त्याची बरोबर नोंद आहे. "घाबरू नकोस, काही होत नाही" असं सांगणारी मोठी माणसं इथे चुकतात.

दहीहंडीत आणखी एक भानगड आहे. सगळ्यात वरच्या मुलाला जवळ दिसणारी एकमेव वस्तू म्हणजे हंडी. आणि ती दोरावर झुलत असते! डोळ्यांना वाटतं आपणच डुललो. रेल्वेत बसलेले असताना शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तसं. म्हणून हात घालायची वेळ येईपर्यंत हंडीकडे बघू नये, पायाखालच्या माणसाच्या खांद्याकडे, डोक्याकडे बघावं. ते जवळ असतं आणि आपल्या आधाराशी जोडलेलं असतं.

काठी कोण सांभाळतं?

आता मुख्य प्रश्न. वर पोचल्यावर करायचं काय?

लहानपणी तळहातावर काठी उभी धरून चालायचा खेळ तुम्ही केला असेल. काठी डावीकडे झुकली की हात डावीकडे न्यायचा, की ती परत सरळ. जमतं, थोड्या सरावाने. आता अशी कल्पना करा की त्या काठीलाही अक्कल आहे आणि ती स्वतःही तोल सावरायला बघते. ती डावीकडे झुकली, हात डावीकडे गेला, तेवढ्यात काठीनेही घाईने स्वतःला उजवीकडे वाकवलं. दोन दुरुस्त्या एकत्र झाल्या, आता ती उजवीकडे जास्तच झुकली. हात उजवीकडे, काठी डावीकडे. तीन-चार वेळा असं झालं की काठी खाली.

माणसाला झुकल्याचं कळून स्नायूने जोर लावेपर्यंत सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. एवढ्या उशिराने दोघं जण एकाच चुकीची दुरुस्ती करत असतील तर दुरुस्तीच चूक होते. म्हणून चिअरलीडिंगमध्ये आणि कसरतीच्या बहुतेक जोडीच्या प्रकारांत वरच्याला पहिला धडा हा देतात : तू तोल सांभाळायचा नाहीस. तू काठी हो. पोट आत, गुडघे सरळ, मांड्या आवळलेल्या, नजर स्थिर. तुझा तोल खालचे सांभाळतील, कारण हलवायला जमीन त्यांच्या पायाखाली आहे, तुझ्या नाही.

'अ‍ॅनिमा येल!' मध्ये मैत्रिणींवर विश्वास ठेवण्याबद्दल बरंच गोड गोड आहे. पहिल्यांदा मला वाटलं, नेहमीचं आहे. पण हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की इथे विश्वास ही भावना कमी आणि शारीरिक कृती जास्त आहे. विश्वास म्हणजे स्वतःहून सावरायला न जाणं. डुललं तरी हात न झटकणं. हे फार कठीण आहे, कारण अंग आपोआप सावरायला धावतं, आणि पूर्वी एकदा पडलेला माणूस तर जास्तच धावतो. २०२४ साली पी. ए. वर्क्सने काढलेली 'नारेनारे' नावाची दुसरी एक चिअरलीडिंगची मालिका आहे. तिच्यातली नायिका एका अपघातानंतर आधी सहज येणारी उडी मारूच शकत नाही. खेळाडूंमध्ये हा प्रकार खरोखर होतो. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर पुन्हा लक्ष ठेवायला गेलं की ती बिघडते.

गोविंदांच्या थरात मात्र काठीचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. पाच-सहा काठ्या एकमेकींवर उभ्या आहेत आणि त्या सगळ्या जिवंत आहेत. मग थर स्थिर राहतो तो कशामुळे? एकमेकांच्या खांद्यांत गुंफलेल्या हातांमुळे. तीन माणसं तोंडं आत करून, हात खांद्यांवर टाकून घट्ट उभी राहिली की ती तीन डुलणारी माणसं न राहता एक तिवई होते. एकाचं डुलणं दुसऱ्यात मुरतं. म्हणून 'एक्का', म्हणजे एकावर एकटा उभा असलेला थर, सगळ्यात अवघड. त्याच्या शेजारी धरायला कुणीच नसतं. पथकं चार एक्के, पाच एक्के लावल्याचा अभिमान का बाळगतात ते यावरून कळेल.

वजन जातं कुठे?

सात थरांचा एक साधा हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत. सातव्या थरावर ३० किलोचं मूल. सहाव्यावर एकटा, ५० किलोचा. पाचव्यावर तिघं, प्रत्येकी ६०. चौथ्यावर तिघं, प्रत्येकी ६५. तिसऱ्यावर तिघं, प्रत्येकी ७०. दुसऱ्यावर सहा जण, प्रत्येकी ७५. आणि खाली पायाचा मोठा वेढा.

पाचव्या थरातल्या प्रत्येकावर वरचे ८० किलो भागिले तीन, म्हणजे साधारण २७ किलो. चौथ्या थरावर २७ अधिक ६०, म्हणजे ८७. तिसऱ्या थरावर ८७ अधिक ६५, म्हणजे १५२ किलो! दुसऱ्या थरात माणसं सहा झाली, त्यामुळे तिथे प्रत्येकी १११. आणि पायाच्या आतल्या वेढ्यात समजा बारा जण असले तर प्रत्येकी ९३.

म्हणजे सगळ्यात जास्त भार सगळ्यात खालच्यावर नाही, तिसऱ्या थरावर. बघणाऱ्यांचं लक्ष वरच्या मुलाकडे असतं, कौतुक झालंच तर पायाच्या धिप्पाड लोकांचं होतं. मधला तिसरा थर स्वतःच्या दुपटीहून जास्त वजन खांद्यावर घेऊन, चेहरा आत करून मुकाट उभा असतो. आणि हे स्थिर असतानाचं. वर चढणारा माणूस झटका देऊन अंग वर खेचतो तेव्हा क्षणभर त्याचं वजन दीडपट लागतं, आणि तेही एकाच खांद्यावर.

दीडशे किलो माणूस पेलू शकतो, पण हाडांवर. गुडघे सरळ असतील तर भार हाडांतून खाली जातो. गुडघा थोडा वाकला की तोच भार मांडीच्या स्नायूंना धरावा लागतो. स्नायू आपल्या कमाल ताकदीच्या निम्मा जोर सलग साधारण मिनिटभर लावू शकतो, मग थरथर सुरू होते. 'थर लागले' आणि 'थर थरथरले' यांच्यातलं अंतर असं मिनिटाचं असतं. खालून "चल, चल, चल" असा ओरडा चाललेला असतो तो उगीच नाही.

सपाट पिरॅमिडचा (कवायतीत मुलं गुडघ्यांवर ओणवी होऊन करतात तो) हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक जण आपलं आणि वरचं वजन खालच्या दोघांत निम्मं निम्मं वाटतो. पाच ओळींचा करून बघा, वहीच्या मागच्या पानावर होतो. तळाच्या टोकाच्या मुलावर एका मुलाहूनही कमी वजन येतं, पण तळाच्या मधल्या मुलावर तीन मुलांपेक्षा थोडं जास्त.

हा हिशेब जपानमध्ये नुसता वहीत राहिला नाही. तिथे शाळांच्या क्रीडादिनी असे प्रचंड मानवी पिरॅमिड करायची रीत होती. सात, आठ, नऊ, दहा थर. ओसाकात शिकवणारे गणिताचे प्राध्यापक युताका निशियामा यांनी दहा थरांच्या पिरॅमिडचा हिशेब मांडला : तळातल्या सगळ्यात दबलेल्या मुलावर ३.९ मुलांचा भार. ती पन्नास किलोची असतील तर जवळपास दोनशे किलो. नागोया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी दुसऱ्या बाजूने काम केलं. शाळांच्या विम्याच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि दाखवलं की या कवायतीत देशभरात वर्षाला आठ हजारांवर दुखापती होतायत. लोक म्हणाले, मुलांना एकजूट कळते, पालकांचे डोळे भरून येतात. मग सप्टेंबर २०१५ मध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात एका शाळेचा दहा थरांचा पिरॅमिड कोसळला. सहा मुलं जखमी, एकाचा हात मोडला. ते कोसळणं सगळ्या देशाने व्हिडिओत बघितलं. २०१६ मध्ये ओसाका शहराने शाळांत पिरॅमिडवर बंदी घातली आणि केंद्राच्या क्रीडा विभागानेही शाळांना इशारा दिला.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. उचिदा यांनी नवीन प्रयोग केला नाही. दुखापतींच्या नोंदी शाळा आधीपासून विम्यासाठी पाठवतच होत्या. कुणी तरी त्यांची बेरीज केली, एवढंच. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दहीहंडीतल्या जखमींचा अभ्यास करून २०१२ साली तो छापला. एका रुग्णालयापुरता का होईना, तो आहे. पण खारबाव, कामण, अंजूरफाटा इथल्या गावच्या हंडीत मनगट मोडलेला मुलगा गावातल्याच दवाखान्यात जातो, प्लास्टर करून घेतो, आणि पुढच्या वर्षी परत येतो. तो कुठल्याच बेरजेत नसतो.

मूलच का लागतं?

कोर्टातही हा प्रश्न गाजला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्यांना बंदी आणि २० फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, मग २०१६ मध्ये त्याच अटी कायम केल्या. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली, आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला.

वीस फूट म्हणजे किती थर? मोठ्या माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर. तीन खांदे म्हणजे ४.२ मीटर, वर एक मूल उभं. सहा मीटरच्या आत फक्त चार थर. पथकांना ती अट जीवघेणी का वाटली ते कळतं. ठाण्यात २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून १३.३४ मीटरचा विश्वविक्रम केला होता. २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले.

पथकातले लोक म्हणतात, वर लहान मूलच लागतं, मोठा चढवला तर खालचे पेलणार नाहीत. वरचाच हिशेब घ्या. ३० किलोच्या मुलाऐवजी ५५ किलोचा तरुण चढवला. तिसऱ्या थरावरचा भार १५२ चा १६० होतो. पाच-सहा टक्के. म्हणजे 'खालचे पेलणार नाहीत' हे फारसं खरं नाही. पण त्याच्या लगेच खालच्या एक्क्यावर ३० चे ५५ होतात, जवळजवळ दुप्पट. आणि चढताना लागणारा वेळ, बसणारे धक्केही वाढतात. तेव्हा मूल लागतं ते एक्क्यांसाठी. एक्के कमी केले, वरही तिघांची तिवई ठेवली, तर मोठी मुलगी वर जाऊ शकते. थर एखादा कमी होईल, बक्षीसही कमी होईल. हा भौतिकशास्त्राचा नियम नाही, पैशाचा आणि हौसेचा आहे, आणि तो तसाच मांडावा असं माझं मत आहे.

झेलायला कोण?

आता आईचा प्रश्न. मला तो भाचीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

पाच थरांवर उभ्या मुलीचे पाय साधारण ५.२ मीटर उंचीवर असतील. तिथून सरळ पडली तर खाली येईपर्यंत वेग ताशी ३६ किलोमीटर. (चिअरलीडिंगमध्ये हायस्कूलच्या मुलींना अमेरिकेत दोन माणसांच्या उंचीपेक्षा वर जायची परवानगी नाही. पाय दोन मीटरच्या आसपास, वेग ताशी २३.) पण वेगाने माणूस मरत नाही, थांबण्याने मरतो. किती अंतरात थांबलात यावर सगळं ठरतं. पडलेली उंची भागिले थांबायचं अंतर, तेवढ्या पट वजनाचा जोर. रस्त्यावर २ सेंटिमीटरमध्ये थांबली तर वजनाच्या अडीचशे पट. तीच मुलगी वर केलेल्या हातांत पडली आणि ते हात अर्धा मीटर खाली जात जात थांबले, तर आठ-नऊ पट. ३५ किलोच्या मुलीसाठी सुमारे तीनशे किलोचा जोर, आठ जणांच्या हातांत वाटला तर प्रत्येकी चाळीसच्या आत. हात दुखतील, मुलगी वाचेल.

अमेरिकेत १९८२ पासूनच्या पंचवीसेक वर्षांच्या नोंदींत, हायस्कूलच्या मुलींच्या खेळांतल्या अतिगंभीर दुखापतींपैकी साधारण दोन तृतीयांश एकट्या चिअरलीडिंगमधल्या निघाल्या. आकडा तसा काही डझनांचा, पण फुटबॉल-बास्केटबॉलच्या मुलींना मागे टाकणारा. मग २००६ च्या सुमाराला एक साधा नियम आला : मुलीला हवेत उंच फेकायचं तर टणक जमिनीवर नाही. फेकायला बंदी नव्हती, लाकडी मैदानावर फेकायला होती. पुढच्या अभ्यासात त्या प्रकारातल्या अतिगंभीर दुखापती बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या.

स्पेनमधल्या कातालोनियात 'कास्तेल' नावाचे मानवी मनोरे होतात, युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २०१० पासून आहेत. त्यांच्या तळाशी शेकडो लोक दाटीने उभे असतात. ते टेकू देतात आणि गादीही होतात. तरीसुद्धा २००६ मध्ये मातारो गावच्या पथकातली बारा वर्षांची मुलगी पडून गेली, आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांना खास बनवलेलं मऊ हेल्मेट आलं. मऊ अशासाठी की ते खालच्यांच्या तोंडावर आदळलं तरी लागू नये.

आपल्याकडे वरच्या मुलाला दोर लावलेला आता पुष्कळ ठिकाणी दिसतो. चांगलं आहे. पण दोर एकालाच धरतो. थर कोसळतो तेव्हा चौथा, तिसरा थरही खाली येतो, आणि तिसऱ्यावरच्या बाईच्या अंगावर तिच्या वरच्या पडतात. भार तिथेच जास्त असतो हे वर बघितलंच.

तर मी घरी काय सांगितलं? भाचीला सांगितलं की वर गेल्यावर तू काठी व्हायचं, खालच्या ताईच्या डोक्याकडे बघायचं, आणि हे सगळं तू चौदा पूर्ण झाल्यावर. ती रुसली. म्हणाली, कोहानेला तर पहिल्या वर्षीच मिळालं. मी म्हटलं, कोहाने हायस्कूलात आहे, तिला पंधरावं लागलंय. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण ती माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

पथकाच्या बायकांशीही बोलले. सराव देवळासमोर पेव्हर ब्लॉकवर चालतो. गादी आणायला पैसे नाहीत, आणि खरं तर पायाखाली गादी चालतही नाही. उभं राहणारीचा घोटा मऊ जमिनीवर जास्त डुलतो. मऊपणा वेढ्याच्या बाहेर हवा, जिथे माणूस पडतो. मग कुणी तरी म्हणालं, गेल्या वर्षीचा पेंढा आहे की. भातशेतीचं गाव, पेंढ्याला काय तोटा! चाळीस सेंटिमीटर जाडीचा पेंढा दाबला जाऊन पंचवीस सेंटिमीटर बसला, तर अडीचशे पटीचे वीस पट होतात. वर ताडपत्री टाकायची, नाहीतर पाऊस पडला की चिखल. वीस पटही कमी नाही, म्हणून झेलणाऱ्या आठ जणी नावानिशी ठरवल्या. त्यांनी वर हात करून उभं राहायचं, मोबाइलवर शूटिंग करायचं नाही.

पाचाचे चार थर करायचं ठरलंय. वर एकोणीस वर्षांची मुलगी जाणार आहे. आई पेंढ्याचे भारे मोजून देते आहे.